मातीच्या भिंतीचे औषध

पत्रांच्या घोळामुळे एका खेड्याचे नाव बदलले. वर्ध्याजवळच्या सेगावात महात्मा गांधी १९३६ साली राहायला आले. त्यांचे टपाल मात्र आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊन पडायचे. अखेर १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले आणि टपालाचा प्रश्न सुटला. पण त्या खेड्याने आणखी एक प्रश्न मांडला होता. माणसाला बरे वाटावे, बरे व्हावे, यासाठी घर कसे असावे? तो प्रश्न आजही आपल्या दारात उभा आहे.

सेवाग्रामचे पहिले घर म्हणजे आदिनिवास. सामान आसपासचे, हात गावातले आणि खर्च बेताचा, ही बांधकामाची अट होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांवर ते उभे राहिले. पुढे बापूकुटी म्हणून ओळखली गेलेली झोपडी मुळात मीराबेन यांची. तिच्या भिंतींवर त्यांनी मातीतच ताडाची झाडे, मोर आणि चरखा उठवून काढला. ही झाली शोभा. खरे काम भिंत करते. वर्ध्याचे ऊन वऱ्हाडी माणसाला वेगळे सांगायला नको. जाड मातीची भिंत ते ऊन सावकाश पिते, त्यामुळे भर दुपारी आत गारवा राहतो. ओसरीमुळे उन्हापावसाचा मारा भिंतीवर थेट येत नाही. कवेलूंच्या फटींतून कोंदट हवा निघून जाते.

याच आश्रमात परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवडा तुरुंगातले गांधीजींचे सोबती आणि कुष्ठरोगी. त्या काळी कुष्ठरोग्याला गाव वेशीबाहेर काढी. इथे त्यांच्यासाठी आश्रमाच्या आवारातच कुटी उभी राहिली आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. त्या कुटीची माती इतर कुट्यांसारखीच होती. वेगळी होती ती तिची जागा. आजाऱ्याचे घर माणसांत असावे, हा सेवाग्रामच्या बांधकामाचा पहिला धडा मला वाटतो.

दुसरा धडा उरुळीकांचनचा. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. तिथे गरिबांवर उपचार व्हावेत, असा गांधीजींचा विचार होता. पण खेड्यातला गरीब शहरापर्यंत यायचा कसा? मग उपचारानेच खेड्यात जावे, असे ठरले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळीकांचनला गेले आणि ऊन, पाणी, माती, हवा यांच्या आधारे त्यांनी गावकऱ्यांवर उपचार सुरू केले. तिथल्या निसर्गोपचार आश्रमाची जबाबदारी पुढे मणिभाई देसाई यांनी आयुष्यभर सांभाळली. जी माती भिंतीला, तीच पोटावरच्या पट्टीला. औषध आणि घर यांच्यात फार अंतर राहिले नाही.

आता आपल्या देऊळगाव राजाकडे या. इथली जुनी घरे धाब्याची. लाकडी खांब, त्यावर आडवी लाकडे आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती पडायची. आमच्या मोहल्ल्यात ईदच्या तोंडावर आणि शेजारच्या आळीत दिवाळीच्या तोंडावर भिंती पोतारल्या जायच्या. माती दोघांकडे एकच. पण हे गोड चित्र अर्धे आहे, हेही सांगितले पाहिजे. ती माती कालवणारे, ते सारवण घालणारे हात बहुतेक बायकांचे होते. त्या घरात अंधार होता, चुलीचा धूर होता, उंदीर आणि विंचूही होते. धाबे गळू लागले की रात्रभर भांडी मांडावी लागत. बाईने सिमेंटची फरशी मागितली, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला आहे?

म्हणून जुने तसेच्या तसे उभे करणे, हा उपाय नव्हे. उपाय वर्ध्यातच शोधला गेला. तिथल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेत देवेंद्रकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या घरातले दोष काढण्याचे काम हाती घेतले. लाकूड महाग झाले, तेव्हा कुंभाराच्या चाकावर घडवलेली निमुळती कवेलू एकात एक बसवून कमानदार छत करण्याची रीत त्यांनी वापरात आणली. त्यात गवंड्याला काम, कुंभारालाही काम.

गंमत पाहा. शहराजवळच्या आरोग्य-विसाव्यात मातीच्या खोलीत एक रात्र राहायला लोक भरपूर पैसे मोजतात. खेड्यात मात्र तीच भिंत सरकारी कागदावर ‘कच्चे घर’ ठरते आणि घरमालक ओशाळतो. तिच्या जागी पातळ भिंतीचे आणि टिनाचे किंवा स्लॅबचे घर येते. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री अंगावर सोडतो. मग म्हातारी माणसे खाट घेऊन अंगणात येतात.

घरकुल पक्के हवेच. पण पक्के म्हणजे केवळ सिमेंट, हे कुणी ठरवले? उंच जोते, जाड भिंत, समोरासमोर खिडक्या आणि ओसरी, एवढे तरी नव्या घरकुलाच्या नकाशात मागता येईल. धाब्याचे काम जाणणारे मिस्त्री आता मोजकेच उरले आहेत. ते आहेत तोवर त्यांना विचारून घेतले पाहिजे.