१३३ मिनिटांत न मावणारं लग्न

१९९४ साली हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांपुढे एक मागणी ठेवली. नव्या डिस्कच्या एका बाजूवर १३५ मिनिटांचा सिनेमा चांगल्या दर्जात मावला पाहिजे. तेव्हा तोशिबाचा गट एकीकडे आणि सोनी-फिलिप्स दुसरीकडे, अशी दोन वेगळ्या डिस्कांची ओढाताण चालू होती. १९९५ मध्ये समेट झाला आणि डीव्हीडीचं माप ठरलं: १२ सेंटिमीटर व्यास, एका थरात ४.७ जीबी, म्हणजे साधारण १३३ मिनिटं. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात पहिले प्लेअर विक्रीला आले.

या सगळ्या हिशेबात वऱ्हाडातलं लग्न कोणी धरलं नव्हतं.

माझ्या आईबाबांचं लग्न १९९५ सालचं, अमरावतीतलं. आईचं माहेर अकोला. शूटिंग व्हीएचएसवर झालं. ई-१८० कॅसेटवर पूर्ण तीन तास मावायचे, त्यामुळे कॅमेरावाल्याला हात आखडायचं कारणच नव्हतं. हळद, वरात, मंगलाष्टकं, पंगती, पाठवणी, सगळं आहे. एकूण २ तास ४० मिनिटं.

२००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर असणं ही नवलाची गोष्ट राहिली नाही. त्याच काळात आमच्याकडच्या कॅसेटचीही एका दुकानातून डीव्हीडी करून आणली गेली. ती आजही चालते. पण मंगलाष्टकं संपून अक्षता पडायला लागल्या की पडद्यावर चौकोनच चौकोन दिसतात. त्या चौकोनांच्या मागे, मांडवाच्या खांबाशी, माझे आईकडचे आजोबा उभे आहेत. ते १९९९ मध्ये गेले. हलत्या चित्रात ते फक्त या कॅसेटवर आहेत, आणि त्यांचा चेहरा नीट समोर येतो तो नेमका अक्षतांच्या वेळी.

हे चौकोन येतात कुठून, ते समजायला १९७४ पर्यंत मागे जावं लागतं. बंगळुरूत जन्मलेले आणि अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवणारे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्या वर्षी एक शोधनिबंध छापला. चित्राचा छोटा तुकडा लहरींच्या बेरजेत मांडायची रीत त्यात होती: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. आधी या कामासाठी त्यांनी मागितलेलं अनुदान, कल्पना फारच साधी वाटल्याने, नाकारलं गेलं होतं. पुढे जेपीईजी फोटो आणि डीव्हीडीचं एमपेग-२ हे दोन्ही याच साध्या कल्पनेवर उभे राहिले. चित्राचे ८×८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातला डोळ्याला फारसा न जाणवणारा बारकावा टाकून द्यायचा. जागा कमी पडली की जाणवणारा बारकावाही जातो, आणि मग चौकोनांच्या कडाच दिसायला लागतात.

एमपेग-२ ची दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक चित्र पूर्ण न साठवता आजूबाजूच्या चित्रांपासूनचा फरक साठवायचा. पाटावर बसलेला नवरदेव स्वस्तात पडतो. अक्षता मात्र महाग. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि पुढच्या चित्रात सगळे दुसरीकडेच.

आता हिशेब. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट, म्हणजे ३,७६० कोटी बिट. मेनू वगैरेसाठी थोडी जागा सोडली की हाती उरतात ३,६०० कोटी. २ तास ४० मिनिटं म्हणजे ९,६०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला ३,७५० किलोबिट. त्यातले आवाजाला १९२ दिले की चित्राला सुमारे ३,५५०. नियमाप्रमाणे चित्राला ९,८०० पर्यंत मुभा असते. तासाभराचं लग्न असतं तर काही प्रश्नच नव्हता.

त्या दुकानदाराने प्रत्येक सेकंदाला सारखाच वाटा दिलेला दिसतो. पाटावरच्या नवरदेवाला जेवढे बिट, अक्षतांनाही तेवढेच. यापेक्षा चांगली रीत तेव्हाही होती. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळी फिल्म नुसती तपासतं आणि दुसऱ्या फेरीत गरजेप्रमाणे वाटप करतं. पण दोन फेऱ्या म्हणजे जवळपास दुप्पट वेळ, आणि तो काळ विदर्भात तासन्‌तास लोडशेडिंगचा. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही.

गेल्या वर्षी कॅसेट पुन्हा संगणकात उतरवून घेतली. आजी अकोल्याला राहते. तिला फोनवरचा व्हिडिओ बघवत नाही, पण डिस्क घालून रिमोट दाबणं तिच्या हाताला सवयीचं आहे. म्हणून पुन्हा डीव्हीडीच. जागा वाचवायला वरातीतली वीस मिनिटं कापावीत, असा विचार होता. आजीचा पाठिंबा होता: "नाच कायले पाह्यजे बाप्पा? माणसं दाखव." बाबा मात्र म्हणाले, "त्या नाचात माझे दोन मित्र आहेत. दोघंही आता नाहीत." एकाची माणसं मांडवात होती, दुसऱ्याची वरातीत. वीस मिनिटं राहिली.

मग जागा दुसरीकडून काढली. डीव्हीडीला ७२०×५७६ सोबत ३५२×५७६ हेही माप चालतं. व्हीएचएसवर आडवा बारकावा मुळातच २४० रेषांच्या आसपास असतो. त्यामुळे ३५२ रुंदीत फारसं काही गमावत नाही आणि प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला दुप्पट बिट येतात. ५७६ ला हात लावला नाही. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी भारतात रंगीत टीव्ही पाल पद्धतीने आला. त्यात सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकदा विषम ओळींची आणि एकदा सम ओळींची. उंची कमी केली तर ही वीण उसवते आणि हालचाल अडखळते.

दोन फेऱ्या, सरासरी ३,५००, कमाल ८,०००. त्याहून वर गेलं तर घरी बर्न केलेली डिस्क वाचताना जुने प्लेअर अडखळतात. कॅसेटवरची मुंग्यांसारखी खरखर सॉफ्टवेअरला हालचालच वाटते आणि बिट खाते, म्हणून ती हलकेच पुसली. जास्त पुसली असती तर चेहरे मेणाचे झाले असते. आजोबांच्या गालावरचे पांढरे खुंट राहिले पाहिजेत, एवढीच कसोटी ठेवली. अक्षतांच्या वेळी दर ७,००० च्या वर गेला, पंगतीत २,००० च्या खाली आला. खांबाशी उभे असलेले आजोबा आता अक्षतांमधूनही ओळखू येतात.

तुमच्या घरच्या कपाटातही अशी कॅसेट असेल, तर सेटिंगचा विचार नंतर करा. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि त्यानंतर नवा व्हीसीआर कुठेच बनला नाही. उरलेल्या मशिनी एकेक करून बंद पडत आहेत. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि ती उष्णता कॅसेटलाही मानवत नाही, बर्न केलेल्या डिस्कच्या रंगथरालाही नाही. आधी कॅसेट पूर्ण, न कापता, उत्तम दर्जात उतरवून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. त्यावरून डीव्हीडी कितीही वेळा करता येईल. डीव्हीडीत एकदा टाकून दिलेले बिट मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाहीत.