आपल्या नांवांचा इतिहास

धर्मग्रामाच्या जुबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें आपणां सर्वांचें कर्तव्य आहे. परंतु ते पूर्वज कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. कारण राज्यें बदललीं तसें आपलें नांवही बदलत आलें आहे.

इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या सुलतान बहादूरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर ह्या किनाऱ्यावरील अनेक ज्ञातींच्या लोकांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांस पोर्तुगीज आडनांवें मिळालीं. परंतु त्यांचें शेत, मासेमारी आणि घरांतील मराठी बोली जेथल्या तेथेंच राहिली. पुढें इंग्रजी अमदानींत ह्याच लोकांस ‘पोर्तुगीज’ म्हणण्याची वहिवाट पडली. लुगडें नेसणारी, मराठींत ओव्या गाणारी आमची आजी कागदावर पोर्तुगीज ठरली!

१७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली व युरोपीय धर्मगुरु येथून निघून गेले. श्रद्धा केवळ राज्यकर्त्यांच्या आश्रयावर उभी असती, तर ती त्याच दिवशीं संपली असती. ती संपली नाहीं. गोमंतकीय व एतद्देशीय पुरोहितांनीं मोडक्या देवळांतून उपासना चालू ठेविली, आणि घरोघरीं मातांनीं लेकरांस प्रार्थना शिकविल्या.

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी, गोदी व कचेऱ्या ह्यांमुळें मुंबईंत कामधंद्याची सोय झाली व गोमंतक आणि मंगळूर येथून पुष्कळ ख्रिस्ती बंधु आले. नोकरीसाठीं चढाओढ सुरू झाली. तेव्हां १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, येथील मूळ रहिवाशांनीं आपणांस ‘ईस्ट इंडियन’ असें नांव घेतलें. ईस्ट इंडिया कंपनीचें राज्य १८५८ मध्येंच संपलें होतें; तरी नांव तिचेंच, आणि राहणारे आपण पश्चिम किनाऱ्यावरचे! ह्या नांवानें एकजूट झाली, आपल्या हक्कांस वाचा फुटली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्यांच्या पुरोहितांनीं १७३९ नंतर आपली वेदी सांभाळिली, त्यांच्याच वंशजांपासून आपण वेगळे आहों हें सांगण्यासाठीं तें उपयोगीं आणिलें गेलें, हेंही विसरूं नये.

सत्तेचा हा खेळ धर्मपीठापर्यंतही पोंचला होता. १९२८ च्या करारान्वयें मुंबईचें आर्चबिशपपद पाळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश धर्मगुरूंकडे जावें असें ठरलें. १९५० मध्यें त्या पदावर पहिले भारतीय आले: व्हालेरियन ग्रेशस, कराचींत जन्मलेले, गोमंतकीय घराण्यांतले. १९५३ मध्यें तेच भारताचे पहिले कार्डिनल झाले.

आज आपलीं मुलें आखाती देश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथें जातात. तेथें त्यांचें आडनांव एक सांगतें, वर्ण दुसरें. आणि इकडे मायदेशीं कोणी त्यांच्या धर्मास परका म्हणतो. त्यांनीं दोहोंस एकच उत्तर द्यावें: आडनांव राज्यकर्त्यांनीं दिलें, समाजाचें नांव काळाच्या गरजेनें घेतलें, परंतु मायबोली ह्या मातीची आहे, आणि श्रद्धा राज्यें गेल्यावरही आपण स्वतः जतन केलेली आहे.

वाचकहो, एकाच वेदीसमोर गुडघे टेकतांना शेजारच्याचें गांव विचारण्याची संवय आपण सोडूं, आणि घरांत मुलांशीं मराठींत प्रार्थना करूं. ह्या जुबिलीस पूर्वजांना वाहण्यासारखें ह्याहून योग्य फूल आम्हांस दिसत नाहीं.