चित्रपटातील अश्रू आणि रसविघ्ने

चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक डोळे पुसत असेल, तर तेवढ्यावरून ती कृती श्रेष्ठ ठरते काय? हा प्रश्न चित्रपटापेक्षा पुष्कळ जुना आहे. रस हा प्रेक्षकाच्या अनुभवातच सिद्ध होतो असे मानणाऱ्या परंपरेला भावना कलाबाह्य ठरविणे शक्यच नव्हते. परंतु इ. स. १००० च्या सुमारास नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नेही सांगितली. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत: प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे, आणि भावनेला ‘आपली’ व ‘परक्याची’ अशी सीमा पडणे.

पहिल्या विघ्नाचा विचार ‘श्यामची आई’च्या संदर्भात करता येतो. प्र. के. अत्रे यांच्या या चित्रपटाला (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. महाराष्ट्र त्याला रडला. पण साने गुरुजींचे निधन होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. त्या अश्रूंत वनमालाबाईंच्या अभिनयाचा वाटा किती, गुरुजींच्या स्मृतीचा किती आणि ज्याच्या त्याच्या आईचा किती, हे अश्रू सांगत नाहीत. ते पडद्यावरच शोधावे लागते. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारते, त्या प्रसंगी वात्सल्य कठोरतेच्या रूपाने प्रकटते. हे श्रेय निःसंशय कृतीचे आहे.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’लाही (१९५५) तोच मान लाभला. दुर्गेच्या मृत्यूची वार्ता नसलेला हरिहर तिच्यासाठी आणलेली साडी काढतो आणि सर्वजया कोसळते. तिचा आक्रोश मात्र ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा स्वर उमटतो. रडणे दिसते, पण त्याचा ध्वनी काढून घेतलेला असतो. त्यामुळे शोक एका मातेपुरता उरत नाही, आणि प्रेक्षकाच्या खाजगी दुःखातही विरून जात नाही.

दुसरे विघ्न अधिक भयावह आहे. ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने (१९१५) अमेरिकेतील असंख्य प्रेक्षकांना हेलावून सोडले. संकट आणि सुटकेसाठी दौडणारे स्वार यांची आलटूनपालटून केलेली जुळणी इतकी प्रभावी होती की, ते स्वार कू क्लक्स क्लॅनचे आहेत याचा विवेकही अनेकांना राहिला नाही. त्याच वर्षी जॉर्जियात ती संघटना पुन्हा उभी राहिली आणि पुढे सभासद मिळविण्यासाठी तिने हाच चित्रपट वापरला. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने मात्र त्याचा निषेध केला. ज्या भावनेत शिरण्यासाठी प्रेक्षकातील एका समाजाला स्वतःचाच द्वेष करावा लागतो, तिचे साधारणीकरण झाले असे कोण म्हणेल?

म्हणून परिणाम हा समीक्षेतील साक्षीदार होय, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष नाकारली तर समीक्षा सामान्य रसिकाला मुकते. त्याच्याच हाती निवाडा दिला तर ग्रिफिथच्या स्वारांना अडविण्यास तिच्याजवळ काहीच उरत नाही. प्रेक्षक रडला, एवढी नोंद झाल्यानंतर तो कशामुळे रडला आणि त्या रडण्यात कोणाला जागा नव्हती, हे विचारणे हेच समीक्षेचे खरे काम आहे.