नोकरी बदलली, पीएफचं काय? जुने पैसे नव्या खात्यात कसे आणायचे

हिमायतनगर, हदगाव, किनवट या भागातली अनेक मुलं बारावी, आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की कामासाठी बाहेर पडतात. कुणी पुण्याजवळ चाकणला, कुणी संभाजीनगरच्या वाळूजला, तर कुणी थेट हैदराबादला. दोन-तीन वर्षं एका कंपनीत, मग जास्त पगार मिळाला की दुसरीकडे. नोकरी सुटली की गावाकडे फोन येतो, 'पीएफचे पैसे काढून घेऊ का?' बहिणीचं लग्न, बोअर, बी-बियाणं, खर्च समोरच उभा असतो. मग नेट कॅफेत जाऊन फॉर्म भरला जातो आणि पैसे खात्यात येतात.

अडचण असेल तर पैसे काढण्यात काही चूक नाही. पण फक्त नोकरी बदलली म्हणून पीएफ मोडला तर त्याची किंमत पंचवीस-तीस वर्षांनी कळते. पैसे न काढता ते नव्या नोकरीच्या खात्यात कसे न्यायचे, त्यात काय अडतं आणि त्याचा फायदा किती, ते इथे समजून घेऊ.

पीएफमध्ये नेमकं काय जमा होतं?

भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली आला. सुरुवातीला तो फक्त सहा उद्योगांना लागू होता, त्यात कापड उद्योगही होता. पुढे २० किंवा त्यापेक्षा जास्त कामगार असलेल्या बहुतेक आस्थापना त्यात आल्या.

तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम तुमच्याकडून कापली जाते. मालकही तेवढीच रक्कम भरतो, पण त्याचे दोन भाग होतात. ८.३३ टक्के पेन्शन योजनेत (ईपीएस १९९५) जातात आणि उरलेले ३.६७ टक्के तुमच्या पीएफमध्ये. पेन्शनचा हिशोब जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर होतो.

म्हणजे पगार (मूळ अधिक महागाई भत्ता) १५,००० असेल तर दर महिन्याला तुमचे १,८०० आणि मालकाचे ५५० असे २,३५० रुपये पीएफमध्ये जमा होतात. १,२५० रुपये पेन्शनच्या खात्यात जातात. पीएफ आणि पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात ठेवा. पुढचे बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात.

पैसे काढले तर काय गमावतो?

पहिली गोष्ट म्हणजे व्याज. समजा वरच्या पगारावर तीन वर्षं काम केलं. व्याज सोडून ८४,६०० रुपये जमा झाले. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. हाच दर टिकला असं धरलं, तर ही रक्कम आणखी एक रुपयाही न टाकता २५ वर्षांत सहा लाखांच्या वर जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे कर. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी ५०,००० किंवा त्यापेक्षा जास्त रक्कम काढली तर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन जोडलेला नसेल तर कपात आणखी जास्त होते. पैसे ट्रान्सफर केले असतील तर आधीच्या कंपनीतली वर्षंही या पाच वर्षांत धरली जातात. चाकणची तीन आणि हैदराबादची दोन मिळून पाच होतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महाग आहे, ती म्हणजे पेन्शन. वयाच्या ५८ व्या वर्षी पेन्शन मिळायला किमान १० वर्षांची सेवा लागते. एखाद्याने चार, तीन आणि चार अशी तीन कंपन्यांत मिळून ११ वर्षं काढली आणि प्रत्येक वेळी पेन्शनचे पैसेही उचलले, तर त्याच्या नावावर पेन्शनची सेवा शून्य राहते. तीच वर्षं जोडली असती तर हिशोब असा झाला असता: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. म्हणजे १५,००० × ११ ÷ ७० = सुमारे २,३५७ रुपये दरमहा, आयुष्यभर. त्याच्यानंतर पत्नीलाही पेन्शन मिळते. रक्कम मोठी नाही. पण ज्याच्या घरी म्हातारपणी दुसरं ठरलेलं उत्पन्न नाही, त्याला ती दर महिन्याला कामी येते.

ट्रान्सफर कसं करायचं?

२०१४ पासून प्रत्येक सदस्याला १२ अंकी यूएएन मिळतो. नोकरी बदलली तरी यूएएन तोच राहतो. फक्त त्याखाली प्रत्येक कंपनीचा वेगळा मेंबर आयडी तयार होतो. ट्रान्सफर म्हणजे जुन्या मेंबर आयडीतले पैसे नव्या मेंबर आयडीत आणणे.

१. नव्या कंपनीत रुजू होताना घोषणापत्रात जुना यूएएन लिहून द्या. 'आधी पीएफ नव्हता' असं कधीही लिहू नका. तसं लिहिलं की दुसरा यूएएन निघू शकतो आणि मग दोन नंबरांचा घोळ निस्तरत बसावं लागतं.

२. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर किंवा उमंग अॅपवर यूएएन चालू करा. आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते बघा.

३. 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा. जुन्या कंपनीसमोर नोकरी सोडल्याची तारीख आहे का ते तपासा. नसेल तर ट्रान्सफर अडतं. कंपनीने तारीख टाकली नाही तर शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी 'मार्क एग्झिट' वापरून तुम्ही स्वतः ती टाकू शकता. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो.

४. 'ऑनलाइन सर्व्हिसेस'मध्ये 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट' हा पर्याय निवडा. जुन्या खात्याची माहिती तपासा, ओटीपी टाका आणि अर्ज पाठवा.

५. काही दिवसांनी दोन्ही पासबुकं बघा. जुन्या खात्यात शिल्लक शून्य आणि नव्या खात्यात ती रक्कम जमा दिसली म्हणजे काम झालं.

पूर्वी या अर्जावर जुन्या किंवा नव्या कंपनीची मंजुरी लागायची आणि अर्ज तिथेच महिनोन्‌महिने पडून राहायचा. १८ जानेवारी २०२५ पासून आधारशी जोडलेल्या बहुतांश खात्यांना ही मंजुरी लागत नाही. यूएएन आणि आधार व्यवस्थित असतील तर नव्या कंपनीची पहिली वर्गणी जमा झाल्यावर ट्रान्सफर आपोआपही सुरू होतं. तरी ते झालंय असं गृहीत धरू नका, पासबुक उघडून बघा.

अर्ज कशामुळे अडकतो?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि कंपनीच्या नोंदीत वडिलांचं नावच गायब, असं सर्रास होतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर हमखास. नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्ही गोष्टी आधारप्रमाणेच हव्यात. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारने पडताळलेला यूएएन असेल तर यातल्या बऱ्याच दुरुस्त्या पोर्टलवर स्वतः करता येतात. त्याआधीचा असेल तर कंपनीमार्फत जावं लागतं.

दुसरं कारण म्हणजे मोबाइल नंबर. आधारला जोडलेलं सिम बंद पडलं असेल तर ओटीपी येत नाही. आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदला, मग बाकीचं.

तिसरं म्हणजे मोठ्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट. काही कंपन्या कामगारांचा पीएफ ईपीएफओकडे न ठेवता स्वतःच्या ट्रस्टमध्ये ठेवतात. तिथून पैसे आणता येतात, पण आधी ट्रस्टने हिशोबाचा कागद (अॅनेक्शर के) पाठवावा लागतो. म्हणून थोडा जास्त वेळ लागतो.

पेन्शनचा रकाना शून्य दिसतोय, पैसे बुडाले का?

नाही. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम दिसत नाही आणि लोक घाबरतात. पेन्शन हे पैशांवर नाही, सेवेच्या वर्षांवर ठरतं. त्यामुळे रक्कम नाही, तर तुमची सेवा पुढे जोडली जाते.

एक अपवाद लक्षात ठेवा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या आणि तेव्हाच १५,००० पेक्षा जास्त पगार (मूळ अधिक महागाई भत्ता) असलेल्यांना ही पेन्शन योजना लागू नाही. त्यांच्या मालकाचा पूर्ण हिस्सा पीएफमध्येच जातो.

नोकरीच सुटली, पुढची अजून मिळाली नाही, तर?

घाईने खातं बंद करू नका. वर्गणी थांबली तरी ५८ वर्षांपर्यंत शिल्लक रकमेवर व्याज मिळत राहतं. अडचण असेल तर पूर्ण खातं न मोडता काही भाग काढता येतो. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की बेरोजगारीत ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी, पूर्ण रक्कम काढण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून १२ महिने आणि पेन्शनचे पैसे काढण्यासाठीची ३६ महिने व्हावी. अर्ज करायच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, ते पोर्टलवर बघूनच पुढे जा.

खाजगी नोकरी करता करता पोलीस भरती किंवा तलाठी परीक्षा निघाली आणि सरकारी नोकरी लागली, तर पीएफची रक्कम एनपीएसमध्ये नेण्याची सोय २०१७ पासून आहे. पेन्शनची सेवा मात्र तशी जोडली जात नाही. त्यासाठी फॉर्म १० सी भरून 'स्कीम सर्टिफिकेट' घ्या. पुढे कधी पुन्हा खाजगी नोकरी केलीत तर ती जुनी वर्षं त्यावर धरली जातात.

गावाकडून मदत कुठे मिळेल?

ट्रान्सफरला कोणतंही शुल्क नाही. दुकानात फॉर्म भरून घेतलात तर त्या माणसाच्या मेहनतीचे पैसे द्या. पण पासवर्ड त्याच्याकडे ठेवू नका आणि ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका. 'पीएफ ऑफिसमधून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही नाही.

शिल्लक बघायला नोंदणी केलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या. अर्ज अडकला तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. शिवाय 'निधी आपके निकट' या उपक्रमात दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ईपीएफओचं शिबिर होतं. नांदेडचं ठिकाण आधी विचारून घ्या. जाताना आधार, पॅन, बँक पासबुक आणि जुन्या कंपनीच्या पगाराच्या स्लिपा सोबत ठेवा.

आणि एक काम आजच करा. पोर्टल उघडून वारसाचं नाव भरलंय का ते बघा. नोकरीत असताना सदस्याचा मृत्यू झाला तर पीएफ आणि पेन्शनशिवाय ईडीएलआय विम्याचे सात लाखांपर्यंत मिळू शकतात. ई-नॉमिनेशन नसेल तर तेच पैसे मिळवण्यासाठी घरच्यांना कागदपत्रं गोळा करत फिरावं लागतं. दहा मिनिटांचं काम आहे, उद्यावर टाकू नका.