ओवसा : नववधूचे सासरगाव

कोकणात, विशेषतः रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांत, लग्नानंतरच्या गौरीपूजनाला नववधू सासरच्या मूळ घरी ओवसा भरते. म्हणजे फळे, भाज्या, पाने आणि सुकामेवा यांनी सजवलेली सुपे ती गौरीपुढे ओवाळते, नंतर घरातील व भावकीतील, म्हणजे एकाच कुळातून फुटलेल्या घरांतील, वडीलधाऱ्यांना देते आणि ते तिला पैसे, साडी किंवा दागिना देतात. १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाल्यानंतरच्या दशकांत कोकणातील असंख्य पुरुष शहरात कामाला गेले. गणपती-गौरीच्या सणाला गावी परतणाऱ्या या नोकरदारांना चाकरमानी हे नाव मिळाले. पुढे कुटुंबेही मुंबईत स्थिरावली, तेव्हा अनेक सुनांना सासरगाव प्रथम कळले ते याच सणात. छापील कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळीसह लिहिलेला कुळाचा इतिहास, विसाव्या शतकात प्रामुख्याने शिक्षणात पुढे असलेल्या घराण्यांनी सिद्ध केले; कष्टकरी कुळांची वंशावळ मात्र बहुतांशी तोंडीच राहिली, आणि सूप कोणाकोणाला द्यायचे हे ठरवताना सासू सुनेला जी नाती समजावून सांगते, त्यांतच या वंशावळीचा मोठा भाग जपला गेला. कोकणच्या इतिहासकारांनी ही नाती, ती सांगणाऱ्या वृद्धा हयात आहेत तोवर, घरोघरी जाऊन नोंदवून घ्यावीत.