काचपेटीतील फांदी : पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निवाऱ्यातील नैसर्गिक वनस्पतींचा इतिहास

प्रस्तावना

मानवाने गुरे, घोडे व कुत्रे यांना माणसाळवले त्याला हजारो वर्षे लोटली. सरडे, साप व कासवे यांना घरात ठेवण्याचा छंद मात्र तुलनेने अर्वाचीन आहे. काच आणि कृत्रिम उष्णता यांची उपलब्धता हा त्याचा पाया होय. अशा निवाऱ्यात जिवंत झाड किंवा खरीखुरी फांदी ठेवावी की नाही, हा प्रश्न वरकरणी केवळ सजावटीचा वाटतो. तथापि गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याला मिळालेली उत्तरे तपासली असता, प्रत्येक उत्तरामागे एक अधिक मूलभूत प्रश्न उभा असल्याचे दिसून येते. निवारा कोणासाठी असतो? पाहणाऱ्यासाठी, सांभाळणाऱ्यासाठी, की त्यात राहणाऱ्यासाठी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने ब्रिटन, जर्मनी व अमेरिका येथील घडामोडींचा आढावा घेतला असून अखेरीस भारतातील परिस्थितीचा विचार केला आहे.

१. वॉर्डची बाटली

या इतिहासाचा आरंभ एका अनपेक्षित निरीक्षणात आहे. लंडनमधील वैद्यक व्यावसायिक नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ मध्ये पतंगाचा कोश ओलसर मातीसह एका बंद बाटलीत ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीत नेचा व गवत उगवले. शहरातील धुराने वॉर्ड यांच्या बागेतील नेचे मरत होते, तर बाटलीतील नेचा मात्र तग धरून होता. दिवसा मातीतून निघालेली वाफ काचेवर साठे आणि पुन्हा मातीत परते. याच तत्त्वावर त्यांनी काचपेट्या तयार केल्या व १८४२ मध्ये त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधील चहाची रोपे भारतात आणली तीही अशाच पेट्यांतून. १८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरील कर रद्द झाला आणि मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात नेच्यांच्या काचपेट्या दिसू लागल्या. प्राण्यासाठी घेतलेल्या बाटलीत वनस्पतीने जीव धरला होता. त्याच काचेत वनस्पतीच्या सोबतीने प्राणी ठेवण्याची कल्पना यातूनच पुढे विकसित झाली.

२. प्रदर्शनातील प्राणी

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सुरू झालेले सर्पगृह हे जगातील अशा प्रकारचे पहिले दालन मानले जाते. तेथे मोठ्या सापांना उबेसाठी व आडोशासाठी चक्क घोंगड्या दिल्या जात. एका बोआ सापाने घोंगडी गिळली व कित्येक आठवड्यांनी ती बाहेर टाकली, ही घटना त्या काळी बरीच गाजली. लपण्याची जागा ही सापाची गरज आहे, एवढे पालकांना उमगले होते. ती गरज पालापाचोळ्याने वा पोकळ लाकडाने भागवावी, हे मात्र अद्याप सुचले नव्हते.

घरगुती छंदाच्या क्षेत्रात या बाबतीत जर्मनी पुढे होती. योहान फॉन फिशर यांनी १८८४ मध्ये टेरारियमविषयी जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच टेरारियमच्या 'लागवडी'चा उल्लेख आहे आणि तोही त्यातील रहिवाशांच्या आधी! इंग्लंडमध्ये १८९७ मध्ये ग्रेगरी बेटमन यांचे 'द व्हिव्हेरियम' हे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध झाले.

लंडनच्या संग्रहालयात खरे स्थित्यंतर घडवले ते जोन बोशँप प्रॉक्टर (१८९७-१९३१) यांनी. दीर्घ आजारपण सोसत असतानाही १९२३ मध्ये त्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या कल्पनेनुसार उभारलेली इमारत १९२७ मध्ये खुली झाली. वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी विद्युत उष्णता, प्रेक्षकांच्या बाजूस अंधार व प्राण्यांच्या बाजूस प्रकाश, खडकांची व निसर्गदृश्यांची रचना ही तिची वैशिष्ट्ये होत. येथे पाहणाऱ्याचा डोळा आणि राहणाऱ्याचे शरीर या दोहोंचा एकत्रित विचार झाला, असे म्हणता येईल.

३. निर्जंतुक पेटीचा काळ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, सापांचे व्यापारी प्रजनन वाढले. शेकडो साप सांभाळणाऱ्याला मातीची पेटी अडचणीची वाटू लागली. सालीच्या फटीत गोचीडवर्गीय परजीवी दडतात. ओल्या मातीत बुरशी व जिवाणू वाढतात. विष्ठा चटकन दिसत नाही. त्यामुळे तळाशी वर्तमानपत्र, पाण्याचे भांडे आणि एखादा प्लॅस्टिकचा आडोसा एवढाच संसार उरला. कपाटाच्या खणांसारख्या रचलेल्या प्लॅस्टिक पेट्यांत अजगर वाढू लागले. या पद्धतीला तर्क नव्हता असे नाही. नव्याने आणलेल्या वा आजारी प्राण्याला वेगळे ठेवताना साधी पेटी आजही उपयुक्त ठरते. परंतु रुग्णालयातील खाट हीच कायमची शय्या झाली, तर तो उपचार राहत नाही.

४. फांदीचे पुनरागमन

या विचाराला तात्त्विक उत्तर आधीच उपलब्ध होते. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, बंदिवासातील जागेच्या केवळ आकारमानापेक्षा तिची गुणवत्ता महत्त्वाची आहे, असे प्रतिपादन केले होते. फांदीच्या संदर्भात या गुणवत्तेचा अर्थ नेमका सांगता येतो. सरपटणारे प्राणी शरीराचे तापमान बाह्य उष्णतेच्या आधारे राखतात. दिव्याखाली तिरपी ठेवलेली फांदी त्यांना एकाच वेळी उष्ण व शीत जागांची निवड देते. खडबडीत साल कात टाकण्यास साहाय्य करते. शॅमेलिऑन सरडा बहुधा भांड्यातील साचलेले पाणी पीत नाही, तो पानांवरील थेंब टिपतो. दाट पानांमुळे आर्द्रता टिकते आणि दृष्टीआड होण्याची सोय होते.

प्रायोगिक पुरावाही हळूहळू जमू लागला. पेटी कासवांवरील २००५ च्या अभ्यासात निवड करू दिली असता प्राण्यांनी ओक्याबोक्या पेटीपेक्षा समृद्ध निवारा पसंत केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समृद्ध निवाऱ्यात वाढलेले 'रॅट स्नेक' जातीचे साप अनोळखी जागेला लवकर सरावले. २०२१ मध्ये 'कॉर्न स्नेक' जातीच्या सापांनीही अशीच पसंती दर्शवली. दरम्यान, मातीत सूक्ष्म कीटकसदृश जीव सोडून विष्ठेचे विघटन घडवणारी 'बायोॲक्टिव्ह' पद्धत छंदिष्टांत रुजली. निर्जंतुकतेच्या जागी समतोल ही कल्पना आली. एका अर्थाने हे वॉर्डच्या बाटलीकडेच परतणे होते.

मात्र 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. कण्हेरीसारखी वनस्पती पाने खाणाऱ्या इग्वानाला घातक ठरू शकते. सीडारसारख्या लाकडातील तेलद्रव्ये अपायकारक असतात, तर कीटकनाशक फवारलेल्या झाडाची फांदी विषाचे वाहन बनते. म्हणून वनस्पती व फांदी निवडताना प्राण्याची जात, तिचा मूळ अधिवास व आहार यांचे ज्ञान अपरिहार्य आहे.

५. भारतीय संदर्भ

भारतात या प्रश्नाला कायद्याची चौकट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असलेले देशी साप, घोरपड व कासवे घरी पाळता येत नाहीत. तरीही स्टार कासवाची चोरटी विक्री थांबलेली नाही. २०१९ मध्ये या प्रजातीला आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्थान द्यावे लागले. दुसरीकडे इग्वाना, बॉल पायथॉन यांसारख्या विदेशी प्रजाती शहरी घरांत आल्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार 'साइट्स'च्या परिशिष्टांत समाविष्ट असलेल्या अशा प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली आहे. नोंदणीमुळे मालकी सिद्ध होते. निवाऱ्याची गुणवत्ता सिद्ध होत नाही. पुण्यात कात्रज येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या सर्पोद्यानासारख्या संस्थांनी मराठी समाजाची सापांविषयीची भीती कमी करण्यास हातभार लावला. भीती ओसरल्यानंतर निर्माण होणारे कुतूहल खरेदीकडे वळते की अभ्यासाकडे, यात महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांची भूमिका महत्त्वाची ठरते.

समारोप

काचपेटीतील फांदी प्रथम शोभेची वस्तू होती, नंतर ती रोगाचे संशयित घर ठरली आणि अखेरीस प्राण्याची गरज म्हणून मान्य झाली. फांदी तीच राहिली. बदलली ती माणसाची दृष्टी. या इतिहासातून एक मर्यादाही स्पष्ट होते. सर्वोत्तम टेरारियम हे अरण्याचे अल्पसे अनुकरण असते, त्याचा पर्याय नसतो. ज्याला प्राण्यासाठी योग्य फांदी निवडता येत नाही, त्याने तो प्राणी निवडू नये, हा या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय. आणि ज्याला ती खरोखर निवडता येते, त्याला पुष्कळदा तो प्राणी मूळच्या झाडावरच पाहावा असे वाटू लागते.