वाघूरच्या घळीतला पावसाळा

पावसाने जोर धरला की आमच्या बिडकीनची तरुण पोरं मोटारसायकली काढून अजिंठ्याला निघतात. लेणी पाहायची असतातच, पण खरी ओढ सातकुंडाची. वाघूर नदी तिथे सात टप्प्यांनी खाली उतरते आणि कड्याखाली कुंडं भरतात.

आपल्याला ही घळ आडबाजूची वाटते. पूर्वी ती तशी नव्हती. सातवाहनांच्या प्रतिष्ठानाहून, म्हणजे आपल्या पैठणहून, उत्तरेकडे जाणारी व्यापारी वाट याच डोंगररांगेतून जाई. वाटेवरून भिक्षा आणि दान मिळे, घळीत शांतता मिळे, आणि पायथ्याशी पाणी असे. म्हणून इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात इथे पहिली लेणी कोरली गेली. आज आपण लेण्यांसमोरच्या आडव्या वाटेने फिरतो. तेव्हा मात्र लेण्यांतून थेट नदीत उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. पाचव्या शतकातल्या सतराव्या लेण्याच्या शिलालेखातही गोड, थंड पाण्याच्या टाक्याचं कौतुक आहे.

एरवी गावोगाव हिंडणारे बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत. याला वर्षावास म्हणतात. पावसात चालताना कोवळे अंकुर आणि लहानसहान जीव पायाखाली येतात, म्हणून हा नियम. म्हणजे ज्या दिवसांत आपण घळीकडे धावतो, त्याच दिवसांत ते तिथे स्वस्थ बसत.

पुढे लेणी ओस पडली. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने इथे आला. त्याने लेणी जगापुढे आणली, असं आपण शाळेत शिकतो. पण दहाव्या लेण्यातल्या खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावरच, त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. ते ओरखडे आजही आहेत. त्याच्या मागोमाग नावं कोरणारे आपलेही कमी नाहीत.

१९८३ साली अजिंठा जागतिक वारसा ठरला. तरी घळ राखायची ती येणाऱ्यानेच. धबधबा डोळे भरून पाहा, पण कुंडात उतरू नका. खडक शेवाळलेला असतो, आणि वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी अचानक चढतं. पोरांना निघताना एवढं सांगा : भिक्षू तीन महिने थांबत, तुम्ही निदान काठावर घटकाभर थांबा.